साडभावाची गल्ली

माझ्या साडभावाचं अकोल्यात, जठारपेठेत, कूलरचं दुकान आहे. मी अमरावतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी; त्याची मोठी, माझी धाकटी. लग्न झाल्यापासून मला त्याचा हेवा वाटत आला आहे. तो माझ्यापेक्षा देखणा नाही आणि शिकलेला तर नाहीच. पण सासरी गेलो की त्याच्याभोवती माणसं जमायची आणि माझ्यासमोर पंखा आणून ठेवायची. त्याला सगळे ‘दादा’ म्हणत. मला ‘सर’. खुद्द तोही मला सरच म्हणतो.

वर्गात मी एक वाक्य दरवर्षी सांगायचो. ज्याच्या मागे सरकार उभं नाही तो हक्क नव्हे, ती नुसती इच्छा. माणूस जन्मतःच हक्क घेऊन येतो असं म्हणणं सोपं आहे. पण ते हिरावले गेले तर परत मिळवून देणारं कुणीतरी असावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे सरकार. मुलं मान डोलवायची. मला त्या वाक्यात कुठे फट असेल असं कधी वाटलं नाही.

माझ्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही अकोल्याला गेलो होतो. साडभावाचं घर दुकानापासून थोडं आत, एका अरुंद गल्लीत आहे. समोरच्या घराच्या वरच्या खोलीत एक तरुण जोडपं भाड्यानं राहायचं. नवरा मालवाहू ऑटो चालवायचा, बायको ब्लाउज शिवायची. ती बार्शीटाकळीकडची. दोघांची जात वेगळी, लग्न पळून जाऊन केलेलं, आणि तिच्या माहेरच्यांना ते अजून पचलेलं नव्हतं. ती बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना तिचे भाऊ येऊन घरमालकाला दम देऊन गेले होते. मालक घाबरला. त्यानं त्यांचं सामान आत ठेवून खोलीला स्वतःचं कुलूप घातलं.

शनिवारी दुपारी नवऱ्याचा ऑटो गल्लीत येऊन थांबला, तेव्हा आम्ही जेवून ओसरीत बसलो होतो. मे महिना. अकोल्यात त्या वेळी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. ती बाई सुती लुगड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन जिना चढली, वर काही वेळ थांबली, आणि परत खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसली. रडली नाही. नवरा खाली राहणाऱ्या मालकाचं दार वाजवत राहिला. दार उघडलं नाही.

गल्लीतली माणसं हळूहळू साडभावाच्या ओसरीत जमली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“सर, तुमी तं जिंदगीभर हेच शिकवलं. सांगा, काय करा लागते?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या घरात हे पहिल्यांदा होत होतं. मी घसा साफ केला आणि सांगितलं. भाडेकरूला असं परस्पर बाहेर काढता येत नाही. आधी ठाण्यात तक्रार द्यायची, मग वकील गाठायचा, कोर्टात अर्ज करायचा. आज शनिवार, सोमवारी कोर्ट उघडेल. हुकूम मिळाला की मालकाला कुलूप काढावंच लागेल.

“सोमवारपर्यंत लेकरू कोठी ठेवायचं?” साडभावाच्या बायकोनं विचारलं.

“तोवर तुमच्याकडे राहू दे की.” मला हे अगदी व्यवहारी वाटलं.

पायरीवरच्या बाईला ते ऐकू गेलं. ती तिथूनच म्हणाली, “मी कोनाच्या घरी नाही जात. माहं घर वर हाये.”

यावर मी काही बोलणार, तोवर साडभाऊ उठून गेला होता. थोड्या वेळानं तो हातगाडीवर एक मोठा कूलर लादून आला. तो जिन्यासमोर ठेवला, स्वतःच्या घरातून गल्लीवरून वायर ओढली, बादलीनं पाणी भरलं आणि चालू केला. थंड वारं बाळावर गेलं. मग ताई, म्हणजे माझी मेहुणी, जेवण घेऊन गेली. शेजारची एक म्हातारी आजी काठी टेकत आली आणि बाळंतिणीशेजारी बसली. कुणीतरी बिछायत आणली. बघता बघता जिन्याभोवती माणसंच माणसं झाली. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी मालकाचं नावही काढत नव्हतं. लग्नाघरी बसावं तशी सगळी बसली होती.

अखेर मालकानं दार उघडलं.

“दादा, हे काय लावलं तुमी? माह्या जिन्यावर?”

“लेकराले गरम होऊन राह्यलं,” साडभाऊ म्हणाला.

“तिचे भाऊ उद्या येऊन मले मारतीन, तं कोन येईन?”

“आमी येऊ.”

“आज म्हनता. उद्या कोनी येत नाही.”

“कोन म्हनते? पाह्य ना, सारे अथीच राह्यतात. पळून कोठी जातीन?”

आजी मान वर न करताच म्हणाली, “तुह्या मायले लकवा झाला, तवा तिले कोनं उचलून नेलं रे दवाखान्यात?”

ऊन उतरता उतरता मालक वर गेला आणि त्यानं कुलूप काढलं. आजीनं बाळंतिणीचा हात धरून तिला वर नेलं. मी ओसरीत खुर्चीवर होतो. मला वाटलं, हे उघडायला नको होतं. निदान इतक्या लवकर तरी नको होतं.

अमरावतीला परतताना बायको सगळ्या वाटेनं तेच बोलत होती. भाऊजींनी आवाजसुद्धा चढवला नाही. भाऊजींनी कूलर आणला तेव्हा तिला रडूच आलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. शेवटी म्हटलं, “कायद्यानंही तेच झालं असतं.”

“झालं असतं,” ती म्हणाली. “सोमवारी.”

आमच्या कॉलनीत ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ आहे. मी त्याचा सचिव. बायकोनं ही हकिकत मंडळातल्या बायकांना सांगितली, त्यांनी आपापल्या नवऱ्यांना, आणि पावसाळा संपता संपता ठराव आला की मानवी हक्कांवरच्या कार्यक्रमाला या अकोल्याच्या गृहस्थांना बोलवायचं. व्याख्यान माझं, सत्कार त्याचा. शाल आणायला मीच गेलो. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, एका नातेवाइकासाठी; आणि फिकट रंगाची उचलली.

माझं व्याख्यान चांगलं झालं. सरकारशिवाय हक्क का टिकत नाहीत, हे मी पायरीपायरीनं मांडलं. टाळ्या पडल्या. मग एका सदस्यानं साडभावाला विचारलं, “तुमचं काय म्हणणं? सरकार नसलं तरी माणसाचा हक्क राहतो का?”

तो उभा राहिला आणि शाल सावरत म्हणाला, “मले काय समजते? सरांले विचारा. पन त्या दिवशी सरकार नव्हतं आन ते पोरगी म्हनत होती, माहं घर वर हाये. खोटं नव्हती बोलत.”

मला पडल्या होत्या त्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. मंडळाच्या फोटोत मी कडेला आहे.

त्याला बडनेऱ्याला गाडीवर सोडायला मी गेलो. स्टेशनवर न राहवून बोललो, “दादा, तुमची गल्ली त्या दिवशी चांगली वागली म्हणून हे झालं. उद्या तीच गल्ली वाईट वागली तर त्या बाईनं कुणाकडे जायचं?”

“आमची गल्ली?” त्याला हसू आलं. “लेकरावानी बोलता सर तुमी कधी कधी.”

त्याच हिवाळ्यात एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

“सर, येता का? वाईट झालं अथी.”

गल्लीच्या टोकाला एका बंद घराची वरची खोली एका नर्सनं भाड्यानं घेतली होती. एकटी राहायची, खासगी दवाखान्यात पाळ्या करायची. घराचे मालक पुण्याला मुलाकडे असायचे. कधी उशिराची पाळी सुटली की दवाखान्यातला एक सहकारी तिला मोटरसायकलवर सोडून जायचा. एवढ्यावरून गल्लीत कुजबुज सुरू झाली. मग बैठक झाली. आदल्या दिवशी ती कामावरून आली, तर तिच्या जिन्यात गल्लीतल्या बायका बिछायत टाकून बसलेल्या. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. भजन म्हणत होत्या. फक्त कुणी सरकलं नाही, आणि आज सकाळी त्या परत येऊन बसल्या होत्या. पुण्याच्या मालकांना फोन लावला, तर ते म्हणाले, गल्लीचे लोक म्हणतील तसं करा. साडभाऊ मध्ये पडला तेव्हा गल्लीनं त्याला एकच ऐकवलं: दादा, हे आमी तुमच्यापासूनच शिकलो.

ती त्याच्या घरी होती.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. “तुझ्या भाऊजींच्या गल्लीनं रंग दाखवला बरं,” असं म्हणून सगळं सांगितलं.

बायको हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. “तुम्हाले आनंद झाला का हो?”

“काहीतरीच काय!” मी म्हटलं. पण इस्त्रीचा शर्ट काढताना मी गुणगुणत होतो.

अकोल्याला पोचलो. ती मुलगी पुढच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर, पायाशी बॅग घेऊन बसली होती. वय तिशीच्या आतबाहेर. घर अचलपूरचं, वडील फुलांची शेती करणारे. त्यांना तिनं अजून काही कळवलं नव्हतं. मला पाहून उठली. “काका, मी केलं काय, एवढं तरी कोणी सांगा. कोणी सांगतच नाही.”

साडभाऊ भिंतीला टेकून खाली बसला होता. इतका लहान झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, “बैठकीले मी होतो, सर. चूप बसलो. वाटलं, नुसते बोलून राह्यले. बोलून मोकये होतीन.”

त्याला काही सुनावायची गरजच नव्हती. “चला,” म्हटलं. “ठाण्यात जाऊ.” आणि त्या गल्लीतून मी पहिल्यांदाच त्याच्या पुढे चाललो.

ठाण्यातल्या साहेबांनी आम्हा तिघांना नीट बसवलं, पाणी दिलं. मी बोललो. राहण्याचा हक्क, एकटीनं राहण्याचा हक्क, कुठेही जाण्यायेण्याचा हक्क, सगळं क्रमानं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“सर, मी पण राज्यशास्त्र घेऊनच पास झालो,” ते म्हणाले. “मॅडमचा हक्क आहे. नाही कोण म्हणतं? पण तिथं सगळ्या गल्लीच्या बायका बसल्या आहेत. देवाचं नाव घेत आहेत. त्यांना उठवलं तर उद्या गावात वेगळंच पसरेल. मॅडमनीच दुसरीकडे खोली पाहिली तर? शांततेनं मिटेल.”

“म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?”

“अर्ज द्या. पाहतो.”

ज्याच्या मागे सरकार उभं आहे तो हक्क, असं मी जन्मभर सांगितलं होतं. आता ते सरकार समोर बसलं होतं, सभ्य होतं, आणि उठत नव्हतं. मी उठलो. अर्ज लिहून देऊ, उद्या वकील पाहू, असं काहीतरी पुटपुटलो. साडभाऊही उठला.

ती मुलगी उठली नाही. “मी इथंच बसते,” ती म्हणाली. “घरी जाता येत नाही, मग इथं बसते.”

मग आम्हालाही बसावं लागलं. बाहेरच्या बाकावर तिघंजण. दुपार सरत गेली. साहेब दोनदा बाहेर आले, आमच्याकडे पाहून आत गेले. मुलगी भिंतीकडे पाहत होती. साडभाऊ मध्येच म्हणाला, “तुमीच खरे निघाले, सर.” इतकी वर्षं मी याच शब्दांची वाट पाहिली होती. ते मिळाले आणि कुठे ठेवावेत ते कळेना.

उन्हं कलली तेव्हा ठाण्याच्या फाटकातून तीच आली. उन्हाळ्यात जिन्यावर बसलेली. बाळानं आता चांगलं बाळसं धरलं होतं, ते तिच्या कडेवर होतं. तिला ताईनं सांगितलं होतं. आमच्याकडे न थांबता ती सरळ साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. दार उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, मले या गल्लीनं घर उघडून देल्लं. आता तेच गल्ली हिचं बंद करून राह्यली. उद्या त्याइले वाटलं तं माहं बंद करतीन. मंग मी कोनाकडे येऊ? तुमच्याकडेच ना?”

साहेबांनी एका महिला कॉन्स्टेबलला हाक मारली.

आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा भजन चालू होतं. बिछायतीवर मला ओळखीचे चेहरे दिसले. त्या दुपारी बाळंतिणीला वरण-भात देणारे हात आता टाळ वाजवत होते. सगळ्यात पुढे, खालच्या पायरीवर, काठी आडवी ठेवून ती आजी.

“उठा बायांनो, जिना मोकळा करा,” कॉन्स्टेबल म्हणाली.

“आमी भजन करून राह्यलो, बाई. भजनाले बंदी हाये का?”

“भजनाला नाही. जिना अडवायला आहे.”

कुणी हललं नाही. कॉन्स्टेबलनं कमरेवर हात ठेवले. ती काही करेल असं वाटत होतं आणि करणार नाही असंही. तेवढ्यात बाळवाली पुढे झाली आणि आजीसमोर उकिडवी बसली.

“आजी, तुमीच हात धरून मले वर नेलं होतं. हिले पन जाऊ द्या.”

आजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. नर्सकडेही नाही. काठी तेवढी उचलून उभी धरली आणि पाय पोटाशी घेतले. एक माणूस जाईल एवढी जागा झाली. मागच्या बायकांनीही मग गुडघे जवळ ओढले. ती मुलगी बॅग छातीशी धरून त्यांच्यामधून वर गेली, मागोमाग कॉन्स्टेबल. वरचं दार उघडल्याचा आवाज आला. भजन तसंच चालू राहिलं आणि दिवेलागणीला बायका एकेक करून उठून गेल्या.

आजी कशानं हलली? माझं म्हणणं, कॉन्स्टेबल मागे उभी होती म्हणून. साडभाऊ म्हणतो, बाळवालीनं आठवण दिली म्हणून. यावर आम्ही अजून भांडतो. तिथं कॉन्स्टेबल नसती तर बाळवालीचं कुणी ऐकलं असतं का, हे मला सांगता येत नाही. आणि बाळवाली ठाण्यात गेली नसती तर कॉन्स्टेबल तरी कुठून आली असती, हे त्याला विचारायचं मी टाळतो, कारण ते उत्तर त्याच्याच बाजूचं आहे.

नर्स पुढे काही महिने तिथंच राहिली. कुणी तिच्याशी बोलायचं नाही, पण अडवलंही नाही. नंतर तिला अमरावतीच्या एका दवाखान्यात काम मिळालं. ती स्वतःच्या मर्जीनं, भर दिवसा, बाळवालीच्या नवऱ्याच्या ऑटोत सामान भरून गेली. माझं रक्तदाब तपासणं त्याच दवाखान्यात असतं. एकदा ती मला दिसली. मी आपण होऊन पुढे गेलो. ओळख पटायला तिला क्षणभर लागला. मग चेहरा उजळला.

“काका कसे आहेत?” तिनं विचारलं.

मी माझी तब्येत सांगायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की ती त्याच्याबद्दल विचारत होती.

“बरे आहेत,” मी म्हटलं.

बरे होते असंही नाही. तो गल्लीच्या मनातून उतरला होता. पोलीस आणून स्वतःच्या गल्लीची अब्रू घालवली, असं लोक म्हणत. गणपतीच्या वर्गणीला त्याचं दार कुणी वाजवलं नाही. गल्लीतली गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानी जाऊ लागली. मागच्या खेपेला मी अकोल्याला गेलो तेव्हा आम्ही दोघं संध्याकाळी दुकानातून घरी चालत निघालो. गल्लीत शिरलो आणि ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. एकानं तर सरळ तोंड फिरवलं. साडभाऊ नेहमीसारखा चालत होता, जरा हळू एवढंच. माझी मात्र मान खाली गेली, आणि मान खाली जाताना मला तोच जुना हेवा जाणवला, पूर्वीपेक्षा तिखट. माझ्याकडे पाहून कुणी तोंड फिरवावं असं मी कुणासाठी काही केलेलंच नाही.

“दादा, वाईट नाही वाटत?” मी विचारलं.

“वाटते ना. काहून नाही वाटनार? माही गल्ली हाये ते.” त्यानं फाटक उघडलं आणि आत हाक मारली, “अवो, सर आले. चहा टाका.”